पहाटेची करडई

"अगं, ही तर करडईच की!"

आई सोफ्यावरून एकदम पुढे सरकली. टीव्हीवर पहाटेचं शेत होतं. धुकं विरळ होत होतं आणि माणसं ओळीनं उभी राहून पिवळी-केशरी फुलं खुडत होती. मी तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जिचा जन्म गेला, तिला करडई ओळखायला कुणी सांगावं लागत नाही. आमच्याकडे ज्वारीच्या कडेनं करडईच्या चार ओळी असायच्याच, काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत म्हणून.

गेल्या मे महिन्यात ती टोकियोला माझ्याकडे आली होती. दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून मी डीव्हीडी काढली. "कार्टून आहे होय? तू बघ, मी पडते जरा," असं म्हणून ती आडवीही झाली होती. त्यानंतर जवळजवळ दोन तास ती जागची हलली नाही.

'ओमोहिदे पोरोपोरो' हे त्या चित्रपटाचं नाव. 'टपटप गळणाऱ्या आठवणी' असा साधारण अर्थ. स्टुडिओ जिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन संस्थेचा १९९१चा चित्रपट, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. मला तो ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी सुचवला. त्या आता निवृत्तीला आल्या आहेत. चित्रपट लागला तेव्हा त्या नायिकेच्याच वयाच्या होत्या, एकट्याच थिएटरात जाऊन त्यांनी तो पाहिला होता. हे सांगताना त्यांचा आवाज आपल्याकडे कुणी लाडक्या कादंबरीबद्दल बोलावं तसा झाला होता. त्या वर्षी जपानी चित्रपटांत सगळ्यात जास्त कमाई याच चित्रपटाची होती.

गोष्ट म्हणावी तर एवढीशी. ताएको ही २७ वर्षांची, टोकियोत वाढलेली, ऑफिसात नोकरी करणारी अविवाहित मुलगी. बहिणीच्या सासरच्या मंडळींकडे, उत्तर जपानातल्या यामागाताच्या एका खेड्यात, ती दहा दिवसांची सुट्टी घालवायला निघते. रात्रीच्या गाडीत बसल्यापासून पाचवीतली ताएको, म्हणजे १९६६ सालची, तिच्या सोबतीला येते आणि शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. राक्षस नाहीत, जादू नाही, कुणी उडत नाही.

त्यातला अननसाचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल कोण जाणे. वडील घरी अख्खा अननस आणतात. त्या काळी जपानात ही केवढी अपूर्वाईची गोष्ट! पण कापायचा कसा हेच कुणाला ठाऊक नाही, म्हणून तो तसाच ठेवला जातो. मग एकदाचा कापतात, घरभर वास सुटतो, सगळे टेबलाभोवती जमतात आणि एकेक फोड तोंडात घालतात. आंबट. टणक. कुणी काही बोलत नाही. एकेक जण आपली फोड ताएकोपुढे सरकवतो आणि ती पोरगी हट्टानं खात राहते, कारण अननस हवा होता तो तिलाच. आई हे बघताना हसली नाही. "आमच्याकडे पहिल्यांदा सफरचंद आलं तेव्हा असंच झालं होतं," एवढंच म्हणाली.

कॅमेऱ्यानं घेतलेल्या चित्रपटात बऱ्याच गोष्टी आपोआप चौकटीत येतात. मागची भिंत, उडणारा पदर, नटाच्या कपाळावरची आठी. हाताने काढलेल्या चित्रपटात आपोआप काही येत नाही. अननसाची फोड चावताना जबडा किती वेळ थांबतो, डोळे कुणाकडे वळतात, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं आणि कागदावर पुन्हा पुन्हा काढलेलं असतं. एका घराच्या अशा छोट्याशा निराशेसाठी इतक्या माणसांनी इतकी मेहनत घ्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपण ज्याला 'काय एवढं त्यात' म्हणून मागे टाकतो, त्याच्यापाशी हे लोक थांबले आहेत.

ताकाहातांनी यात लहानपणाची आणि आताची चित्रं वेगवेगळ्या हातांनी काढल्यासारखी ठेवली आहेत. १९६६चे प्रसंग फिकट जलरंगातले, कडेला पांढऱ्यात विरत जाणारे. जेवढं आठवतं तेवढंच चित्रात आहे. यामागाताचे प्रसंग मात्र पानापानापर्यंत भरलेले. त्या भागासाठी संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि कलाकारांच्या ओठांच्या, गालांच्या हालचालींवरून चेहरे काढले. जपानात एरवी चित्रं आधी होतात, आवाज नंतर. म्हणून मोठी ताएको हसली की तिच्या गालावर रेघ उमटते. कार्टूनमधल्या तरुण मुलीला अशी रेघ सहसा कुणी काढत नाही. आईच्या ते बरोबर लक्षात आलं. "बिचारी दमलेली दिसते," ती म्हणाली.

आणि ते अपूर्णांक! दोन तृतीयांशाला एक चतुर्थांशाने भागायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे ताएकोला कळत नाही. ती सफरचंद काढून समजून घ्यायला बघते. बहीण चिडून म्हणते, उलटा करून गुण की झालं! ज्यांनी मुकाट्याने उलटा करून गुणलं त्यांचं पुढचं आयुष्यही सुरळीत गेलं असावं, असं मोठ्या ताएकोला वाटतं. हे वाक्य बाराव्या वर्षी ऐकलं असतं तर मला त्यातलं काही कळलं नसतं. चाळिशीत ते थेट आत उतरलं.

चित्रपटातलं खेडं खरं आहे. यामागाता शहराजवळचं ताकासे. मागच्या वर्षी जुलैत मी मुद्दाम तिथे जाऊन आले. आपल्याकडे करडई रब्बीची, तिथे वसंतात पेरतात आणि जुलैत फुलते. तेलासाठी नव्हे, रंगासाठी. पाकळ्यांत बहुतेक सगळा पिवळा रंग, तांबडा जेमतेम एक टक्का. त्या एवढ्याशा तांबड्यासाठी फुलं धुवायची, आंबवायची, कुटायची, चपट्या वड्या करून वाळवायच्या. पूर्वी खेड्यातल्या मुली उघड्या हातांनी फुलं खुडायच्या, बोटं रक्ताळायची आणि तो रंग क्योतोच्या श्रीमंत बायकांच्या ओठांवर जायचा, हे चित्रपटातही येतं. मी बांधावर बसून एका पानाच्या टोकाला बोट लावून पाहिलं. लहानपणी टोचायचं तसंच टोचलं. इतक्या दूर येऊन तो काटा ओळखीचा निघाला आणि मला भरून आलं.

खुडणी पहाटेच का, हेही मला आईनंच सांगितलं. "दव असतं तोवर काटे मऊ असतात. आम्हीपण काढणीला उजाडायच्या आतच जायचो." पडद्यावर ताएको रात्रभर गाडीत बसून उतरते आणि थेट शेतात जाते, ती याचसाठी.

ज्यांना आणखी काही पाहायचंय त्यांच्यासाठी दोन शब्द. याच दिग्दर्शकाचा १९८८चा 'होतारु नो हाका' कार्टून समजून मुलांपुढे लावू नका. तो युद्धातल्या दोन भावंडांचा आहे आणि तो काढणारे ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. सातोशी कोन यांचा २००३चा 'टोकियो गॉडफादर्स' नक्की पाहा. ऐन नाताळात तीन बेघर माणसांना एक तान्हं बाळ सापडतं, त्याची गोष्ट. 'ओमोहिदे पोरोपोरो' २०२० मध्ये भारतात नेटफ्लिक्सवर आला. इंग्रजीत त्याचं नाव 'ओन्ली यस्टरडे'.

एक गोष्ट मात्र जरूर पाळा. इथे थिएटरात नामावली संपून दिवे लागेपर्यंत बहुतेक कुणी उठत नाही. या चित्रपटाचा तर खरा शेवटच नामावली सुरू झाल्यावर होतो.

त्या दिवशी अक्षरं वर सरकू लागली तशी आई चहा टाकायला उठली. मी तिचा हात धरला. "बस गं, संपलं नाही अजून." ती बसली. त्या शेवटच्या भागात संवाद नाहीत, नुसतं गाणं आहे. दोन तास मी तिला वाक्यावाक्याचा अर्थ सांगत आले होते, आता सांगण्यासारखं काही नव्हतं. तिने डोळ्यांना पदर लावला. पडदा काळा झाल्यावरही थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि मग म्हणाली, "कोवळी असताना भाजी करतात का गं ते लोक करडईची?"