तुम्ही विचारलंत म्हणून : माझी माणसे हवेत का असतात?

माझी चित्रे पाहून झाल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : तुमची माणसे जमिनीवर का नसतात, आणि भोवती एवढे काही घडत असताना दिवास्वप्ने रंगवत बसणे म्हणजे वास्तवापासून पळ काढणे नव्हे काय? पळ काढणे मला मान्यच आहे. दिवसभर घड्याळाला बांधलेल्या माणसाने मनातल्या मनात अर्धा तास रजा घेतली, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? माझा आक्षेप आहे तो या प्रश्नामागच्या गृहीताला, म्हणजे असे चित्र काढायला वास्तवाकडे कमी पाहिले तरी चालते या समजुतीला.

चित्रकार मार्क शगाल १९१४ मध्ये पॅरिसहून थोड्या दिवसांसाठी आपल्या गावी, आजच्या बेलारूसमधल्या विटेब्स्कला आला आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे तिकडेच अडकला. त्या अडकलेल्या वर्षांत त्याने स्वतःला आणि आपल्या बायकोला, बेलाला, गावावरून उडताना रंगवले. पाहणाऱ्याची नजर त्या जोडप्यावर खिळते, हे साहजिक आहे. मी मात्र खालची लाकडी कुंपणे आणि घरे पाहत राहते, आणि डाव्या कोपऱ्यात कुंपणाच्या आडोशाला उघड्यावर बसलेला तो माणूस. गाव इतके खरे आहे, म्हणून त्यावरून उडणे पटते. नुसत्या निळ्या आकाशात तेच जोडपे शुभेच्छापत्रावरचे वाटले असते.

आपल्याकडे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी पान, घड्याळ अशा रोजच्या वस्तू इनॅमल रंगांत मोकळ्या अवकाशात ठेवल्या. विणकर सेवा केंद्रात बरीच वर्षे नोकरी केलेला हा चित्रकार वस्तूला तिच्या कामातून सोडवतो, पण तिचा आकार ढिला पडू देत नाही. स्वातंत्र्य या शब्दाचा चित्रातला अर्थ मला तिथे सापडतो.

आता थोडे कारागिरीविषयी, कारण उडणे हे शेवटी कागदावर घडवावे लागते. माणूस हवेत आहे हे त्याच्या हातवाऱ्यांवरून ठरत नाही, सावलीवरून ठरते. सावली पायांना चिकटली की तो उभा राहतो आणि मध्ये बोटभर जागा सुटली की उचलला जातो. शिवाय तो जितका वर, तितक्या उन्हातल्या सावलीच्या कडा विरत जातात. म्हणून जलरंगात मी सावलीची जागा आधी ओली करून घेते आणि पाणी जरा मुरले की मग रंग सोडते. घाई केली तर तिथे नुसता डाग उरतो.

माझ्या अलीकडच्या चित्रातली बाई विरार लोकलच्या लेडीज डब्यातली आहे. मांडीवर पिशवी, दाणे एका बाजूला, साले दुसऱ्या बाजूला. मटार सोलणारी बोटे एकदाही चुकत नाहीत आणि डोळे खिडकीबाहेर, पण बाहेरच्या कशावरही नाहीत. दिवास्वप्न पाहणाऱ्याचा चेहरा रंगवणे मला म्हणूनच अवघड वाटते : नजर कुठेच न ठरता उघडी ठेवायची असते, आणि बुबुळ किंचित सरकले तर ती बाई विचारात पडलेली किंवा थेट दुःखी दिसू लागते. तिला मी तशीच, पिशवीसकट, दहिसरच्या इमारतींवर, गच्चीवरच्या काळ्या टाक्या आणि पत्र्यांवरची निळी ताडपत्री यांच्या वर नेऊन बसवले.

पंख लावा, चित्र लगेच विकले जाईल, असा सल्ला मिळतो. तो व्यवहारी आहे, पण पंख लावले की तिची परी होते आणि परीला रात्रीच्या भाजीची काळजी नसते. पुढचा प्रश्न असतो की तिला खाली कधी आणणार. चित्रात अगदी खाली, दोन इमारतींच्या फटीत, मीरा रोडची छोटी पिवळी पाटी दिसते. ती तिथेच उतरते.