आमची वाटचाल : तिसऱ्या नदीकाठचं दुकान

फ्रान्समधल्या ल्यों शहराला तीन नद्या आहेत असं इथली मंडळी सांगतात : रोन, सोन आणि बोजोले. पहिल्या दोन पुलांखालून वाहतात, तिसरी पेल्यातून : बोजोले म्हणजे शहराच्या उत्तरेचा द्राक्षबागांचा भाग आणि तिथली वाइन. या तिसरीवर आमचं पोट आहे. क्रुआ-रूसच्या चढावर, दोन माणसं आली की तिसऱ्याला दारात थांबावं लागतं एवढं आमचं वाइनचं दुकान. 2014 साली मी आणि माझ्या नवऱ्याने ते टाकलं. तो इथलाच, मी नाशिकची.

माझ्या माहेरी द्राक्षबाग. द्राक्षं मांडवावर, डोक्याच्या वर लटकणारी, हा माझा हिशोब. बोजोलेत पहिल्यांदा काढणीला गेले तर वेली गुडघ्याएवढ्या, तारेशिवाय एकेक झुडूप. दिवसभर वाकून घड कापले आणि रात्री पाठ टेकवेना. पण इथे घड अख्खाच लागतो. तो न चुरडता हौदात टाकतात. वजनाने तळाची द्राक्षं फुटून आंबायला लागतात, त्यांच्या वायूने हौद भरतो आणि वरच्या न फुटलेल्या मण्यांतही आंबणं सुरू होतं. म्हणून या वाइनला फळाचा वास जास्त आणि तुरटपणा कमी. द्राक्ष एकच, गामे. ते उपटून टाका असा शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूक फिलिपने 1395 मध्ये हुकूम काढला होता, पण दक्षिणेला, इथल्या ग्रॅनाइटमध्ये ते असं रुजलं की हललं नाही.

पहिल्याच नोव्हेंबरात आम्ही तोंडावर आपटलो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्या वर्षीची नवी वाइन, बोजोले नुव्हो, बाजारात येते. आम्ही हौसेने साठ खोकी मागवली. गुरुवारी झुंबड, शुक्रवारी बरी गर्दी, सोमवारी शुकशुकाट. ही वाइन ठेवायची नसते, काही महिन्यांत संपवायची. आठ डिसेंबरच्या सुमारास इथे दिव्यांचा सण असतो, तेव्हा शेजारच्या कॅफेवाल्याने बरीचशी उचलली आणि दालचिनी, लवंग घालून गरम करून विकली. भाव विचारू नका.

त्याहून वाईट म्हणजे, ‘बोजोले? ती केळ्याच्या वासाची ना?’ असं म्हणून गिऱ्हाईक बर्गंडीच्या फळीकडे वळायचं. खरं तर या भागात दहा ठिकाणांची स्वतःच्या नावाची वाइन आहे. फ्लरी, मोर्गाँ, जुलिएना, ब्रुई, मूलाँ-आ-वाँ वगैरे. यातल्या कित्येक आठ-दहा वर्षं मजेत टिकतात. पण हे तोंडी सांगून पटत नव्हतं. मग शनिवारी बाटलीशेजारी ताटली ठेवायला लागलो.

तिथून गाडी रुळावर आली. फ्लरीबरोबर रोझेत, म्हणजे इथलं वाळवलेलं सॉसेज. जुलिएनाबरोबर त्याच वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. मोर्गाँबरोबर पातळ, जवळजवळ वाहणारं सँ-मार्सलँ चीज. आणि ब्रुईबरोबर ‘सेर्व्हेल द कान्यू’. नावाचा अर्थ विणकराचा मेंदू. आई आली होती तेव्हा तिने ताटली सरळ बाजूला सारली. आत मेंदूबिंदू काही नाही, चक्क्यासारखं मऊ चीज, बारीक कांदा, हिरवी पानं. चाखल्यावर म्हणाली, ‘हे आपल्या दह्यातल्या कोशिंबिरीचं भावंड आहे.’ एक अट मात्र आम्ही सोडत नाही : बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये. खोलीच्या उष्णतेला ही वाइन ढिली पडते, तेरा-चौदा अंशांवर उभी राहते.

2016 आणि 2017, लागोपाठ दोन वर्षं फ्लरीच्या बाजूला गारपीट झाली. आमच्या एका बागाईतदाराने ठरलेल्या मालाच्या पावपट दिला आणि फोनवर नीट बोलताही येईना त्याला. मी बाबांना सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘पंचनामा झाला का?’

इथल्या मराठी घरांतून हल्ली विचारणा होते, मटणाच्या रश्श्याबरोबर काय चालेल. तुरट, चढी लाल वाइन तिखटाने आणखी जळजळते, त्यामुळे मी त्या दहांतलीच शिरूब्ल नाहीतर फ्लरी गार करून देते. माझ्या मते पिठलं-भाकरीशीही ती जमते, नवऱ्याला मात्र ते अजून मान्य नाही.

नुव्हो आजही मागवतो. बारा खोकी.