बंद शाखांमध्ये हरवलेले संदर्भ

मागील नोंदीत ज्या अपुऱ्या यादीविषयी लिहिले होते, तिचे कोडे अखेर सुटले आहे. सी भाषेतील एकाच प्रकल्पात एका फंक्शनचे सर्व वापर मागवले असता निओव्हिम, ईमॅक्स आणि व्हीएस कोड हे तिन्ही एडिटर नेमक्या त्याच ओळी गाळत होते. तिघांच्याही मागे क्लँगडी हाच सर्व्हर (एडिटरला कोडची माहिती पुरवणारा वेगळा प्रोग्राम) असल्यामुळे एडिटर बदलून काही साधणार नव्हतेच.

पहिला संशय बॅकग्राउंड इंडेक्सवर, म्हणजे क्लँगडी पार्श्वभूमीत बांधतो त्या प्रकल्पभराच्या सूचीवर होता. परंतु कॅश पुसून तो नव्याने बांधला तरी यादी जैसे थे राहिली. मग तोच शोध सीस्कोप या जुन्या कोड-शोध साधनामध्ये घेतला आणि गहाळ ओळी एकेक करून उघडल्या, तेव्हा त्या सगळ्या इफडेफच्या (अट पूर्ण झाली तरच कोड घेण्याच्या सूचनेच्या) बंद शाखांमध्ये निघाल्या. क्लँगडी प्रत्येक फाइल कंपायलरप्रमाणे, कंपाइल कमांड्सच्या जेसन फाइलमधील फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) लावून वाचतो. कंपाइल होण्याआधी अशा अटी तपासणाऱ्या प्रीप्रोसेसरने वगळलेला भाग एएसटीत, म्हणजे कोडच्या रचनेच्या वृक्षात, येत नाही, त्यामुळे तेथील वापर इंडेक्समध्येही पोहोचत नाहीत. सीस्कोप प्रीप्रोसेसर चालवत नाही, म्हणून त्याला त्या ओळी दिसतात. मात्र एकाच नावाच्या दोन स्थानिक चलांमध्ये तो भेद करू शकत नाही.

सध्या दोन वेगळ्या बिल्ड डिरेक्टरी ठेवून, सीमेक या बिल्ड साधनाकडून दोन्हींत जेसन फाइल काढून घेऊन, क्लँगडीला हवी ती डिरेक्टरी दाखवतो. दुसऱ्या फ्लॅगखालच्या ओळी यादीत उमटल्या, तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. तरीही प्रत्येक बदलानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, हे कंटाळवाणे आहेच.

निओव्हिमची एक सोय येथे विशेष आवडली: टॅगफंक (टॅग शोधण्याचे काम दुसऱ्या फंक्शनकडे सोपवणारी सेटिंग) एलएसपीला, म्हणजे एडिटर व सर्व्हर यांच्यातील संवादाच्या प्रोटोकॉलला, जोडलेले असल्यामुळे व्याख्येकडे नेणारी जुनी टॅगची कळच आधी सर्व्हरला विचारते, तेथे काही न मिळाल्यास टॅग फाइलकडे (नावे व त्यांच्या जागा यांच्या तयार यादीकडे) वळते आणि कंट्रोल-टी दाबून परत येता येते. व्हीएस कोडची पीक खिडकी (व्याख्या जागेवरच दाखवणारी छोटी चौकट) दिसायला देखणी आहे. पण साखळी लांबली की मागे परतण्याच्या बाबतीत मला टॅग स्टॅकच (घेतलेल्या उड्यांची क्रमवार नोंद) अधिक भरवशाचा वाटतो.

पुढची नोंद हेडर फाइलींवर असणार होती, पण हे लिहितानाच फंक्शन पॉइंटरचा (फंक्शनचा पत्ता साठवणाऱ्या चलाचा) प्रश्न समोर आला. स्ट्रक्टमधील पॉइंटरवरून व्याख्येकडे उडी मारली की केवळ त्या सदस्याची घोषणा मिळते, प्रत्यक्ष फंक्शन मिळत नाही. सीस्कोपमध्ये ‘या नावाला मूल्य कोठे दिले’ असा स्वतंत्र शोध आहे. तेव्हा हेडर थांबतील. आधी हा शोध आणि क्लँगडीची त्या सदस्याच्या संदर्भांची यादी शेजारी ठेवून पाहतो.