हजेरी

त्या सकाळी कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर वाद पेटला होता. आदल्या रात्री टीव्हीवर कुठल्याशा खुनाची बातमी लागली होती. "असल्यांना चौकात लटकवा" इथून सुरुवात झाली आणि दोन कटिंग होईपर्यंत गाडी "चोराचा हात तोडला की चोऱ्या बंद" इथवर आली. मी हे पुष्कळदा ऐकलंय. वाद खुनावरून सुरू होतो आणि राग निघतो भुरट्या चोरावर. खुनाच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवलंय की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणात. पण गाड्यावर ते कोण ऐकणार? माझ्या पिशवीत एका वीस वर्षांच्या पोराचे कागद होते. पैसे देऊन मी निघाले.

मी परिविक्षा अधिकारी आहे. गुन्हा शाबीत झाल्यावर आरोपीला तुरुंगात धाडायचं की चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडायचं, हे ठरवण्याआधी न्यायाधीश आमचा अहवाल मागवतात. त्यासाठी १९५८ चा कायदा आहे. आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल तर त्याला कैद द्यायची झाल्यास कोर्टाला त्याची कारणं लिहावी लागतात. हे लाड नव्हेत, कायदाच आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईच्या घरात भरदुपारी शिरून या पोराने ट्रंकेतली पाऊण तोळ्याची बोरमाळ पळवली होती. सोबत आणखी एक जण होता, त्या बाईच्याच बोळातला. तो अठराच्या आतला, म्हणून त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात दोघं गळ्यापर्यंत बुडाले होते. माळ विकली गेली, ती परत मिळाली नाही. पोराने गुन्हा कबूल केला. घरात शिरून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पोरगा टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता आणि आजीपाशी सेटलमेंटमध्ये राहत होता. सोलापुरात सेटलमेंट म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला आलेलं लेकरूसुद्धा गुन्हेगार ठरवलं. त्या कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणात माणसं डांबली. कायदा १९५२ साली रद्द झाला. आजी त्या कुंपणातच जन्मलेली.

तिने मला पाणी दिलं, माझ्यासाठी सतरंजी अंथरली. मी नेहमीचं समजावत होते : कोर्टाने सोडलं तर नवा गुन्हा करायचा नाही, कामधंदा सोडायचा नाही, आणि महिन्याला माझ्याकडे येऊन हजेरी द्यायची.

हा शब्द ऐकला आणि तिचा हात तांब्यावर तसाच राहिला.

"हजेरी?" ती म्हणाली. "आमच्या बाला द्यावी लागायची. एकदा ताप होता तर दोघांनी धरून नेलं. मी मागं मागं पळाले." थोड्या वेळाने विचारलं, "बाई, तार परत लावणार का?"

मी बारा वर्षं हा शब्द वापरत आले होते. मला दुसरा शब्द सुचेना. "नाही आजी, फक्त भेटायला यायचं," एवढं कसंबसं म्हटलं.

तिथून मी त्या बाईकडे गेले. अहवालाच्या नमुन्यात फिर्यादीसाठी रकाना नाही, पण मी जाते. बोळाच्या तोंडाशीच एकाने अडवून सुनावलं, "सेटलमेंटचा ना तो? मग रक्तातच असतंय की मॅडम." दुसरा पोरगा त्याच बोळातला होता. त्याच्या रक्ताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्याला "संगतीनं बिघडला" म्हणत होते.

बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. बोलताना नजर माझ्याकडे, पण बोटं थांबत नव्हती. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. पाच दिवाळ्यांचा बोनस साठवून नातीसाठी ती बोरमाळ केली होती. मला वाटलं होतं, ती त्याला कडक शिक्षा मागेल किंवा माफ करा म्हणेल. ती म्हणाली, "माफ बिफ काय नाही करणार मी. पण किती वर्षं ते तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, तो रात्री कुठं असतोय?" मग पायाने ट्रंक माझ्याकडे सरकवली. कोयंडा उपटलेला होता, त्या जागी सुतळी बांधली होती. चोरी झाल्यापासून ती ट्रंकेवर डोकं ठेवून झोपत होती. मान आखडली होती.

चहाच्या गाड्यावर वर्षं मोजत होते, हात तोडत होते. या बाईला झोप हवी होती. पोरगा सात वर्षं आत गेला असता आणि एक दिवस सुटून आला असता, तर तिला कोणी कळवलं असतं का? आणि तिथून सुटलेला पोरगा कोणत्या तोंडाने काम मागायला गेला असता? माझं मत मी लपवत नाही : कडक शिक्षेची मागणी करणाऱ्यांचा राग मला समजतो, पण ते जिच्या नावाने मागतात तिला एकदा तरी विचारत नाहीत. आणि शिक्षा किती निर्दयी होऊ शकते ते या शहराने तारेच्या कुंपणात बघितलंय.

रात्री अहवाल लिहिला. सोडावं, पण माळेची भरपाई त्याच्या आठवड्याच्या पगारातून हप्त्याने द्यावी, त्या बोळात पाय ठेवू नये, रात्री आजीच्या घरीच राहावं. कोर्टाने दोन वर्षांचं बंधपत्र घेतलं आणि या अटी घातल्या. निकाल सांगायला गेले तेव्हा बाईने तोंड फिरवलं. दाराशी पोचले तशी मागून म्हणाली, "कधी येतोय तो तुमच्याकडं?"

"महिन्याच्या पहिल्या सोमवारी."

"मग त्या दिवशी मला फोन करा. आला का नाही ते सांगा."

पाच सोमवार झाले, पाचही वेळा फोन केला. ट्रंकेला नवा कोयंडा बसलाय, पण ती अजून खाली चटईवर ट्रंकेशेजारीच झोपते.

पोराबरोबर आजीही येते. मी रजिस्टरवर "भेट" असं लिहिते आणि त्याची सही घेते. आजी मात्र पायरीवरच बसते, त्या खोलीत येत नाही.