भरपूर म्हणजे किती?

मे महिन्यात कराडात माणसंच माठापासून हलत नाहीत, तिथं कुत्रं जरा जास्त पाणी प्यायलं तर कोण मनावर घेतो? चिंगीनं पातेलं रिकामं केलं की मी ते भरायचो. घटकाभरानं परत रिकामं. रात्री दोनदोनदा उठून दारापाशी जायला लागली. एकदा तर हॉलमध्येच लघवी केली आणि कोपऱ्यात जाऊन तोंड लपवून बसली. आमची मंडळी म्हणाली, "अहो, हिला काही होतंय का बघा." मी म्हटलं, "अकरा वर्षांची झाली की आता. वय झालं. त्यात हा उन्हाळा."

वर नाकालाही हात लावून बघितला. ओलं, गार. म्हणजे बरी आहे. लहानपणापासून हेच ऐकत आलोय.

खरं तर घाबरायची माझी हौस आदल्या वर्षीच फिटली होती. एका सकाळी चिंगी उठली ती डावीकडे कोसळलीच. मान तिरकी, तोंडातून लाळ, बुबुळं एका बाजूला सरकायची आणि झटक्यानं परत यायची, थांबायचीच नाहीत. लकवा मारला म्हणून मी पोतं टाकून तिला रिक्षात घातली. डोळ्यांतलं पाणी रिक्षावाल्याला दिसू नये म्हणून रस्ताभर बाहेर बघत होतो. डॉक्टरबाईंनी कान तपासले, पाय दुमडून बघितले आणि म्हणाल्या, "लकवा नाही काका. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते, ती बिघडलीय. म्हाताऱ्या कुत्र्यांत कारण नसताना अचानक होतं." पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात, मग आपोआप उतरतं, असंही सांगितलं. ओकारी थांबायचं औषध दिलं आणि गुळगुळीत फरशीवर गोणपाट टाकायला सांगितलं. चौथ्या दिवशी चिंगी उभी राहिली, तीन आठवड्यांत गल्लीत फिरायला लागली. मान तेवढी जराशी तिरकी राहिली. आपण काही बोललो की ते तिला पटलं नाही असं वाटतं.

यातून मी भलताच धडा घेतला. एवढं भयंकर दिसलं ते आपोआप बरं झालं, मग चार भांडी पाणी जास्त प्यायली तर काय बिघडलं?

पाचव्या दिवशी तिनं मटणाचं हाड हुंगलं आणि सोडून दिलं. तेव्हा मात्र मी चप्पल घातली.

"पाणी किती पिते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती, काका?"

हा प्रश्न मला लागला. चौतीस वर्षं मी मीटर रीडिंग घेतलंय. उन्हातान्हात, कुत्री अंगावर येत असताना. बिल जास्त आलं म्हणून भांडायला येणाऱ्याला मी हेच विचारायचो, मागचं रीडिंग किती, चालू किती? आणि आता माझ्याकडे दोन्ही नव्हती. तिथंच बाकावर बसून हिशेब मांडला. पातेलं पाऊण लिटरचं, दिवसातून चार वेळा तरी भरतो. म्हणजे तीन लिटर. चिंगीचं वजन सोळा किलो. बाई म्हणाल्या, किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर गेलं की काहीतरी बिघडलंय असं धरायचं. सोळा किलोला एक लिटर सहाशे. ती जवळजवळ दुप्पट पीत होती आणि मी भांडं भरून देत होतो.

पुढचा प्रश्न मला सुचलाच नसता. "माजावर कधी आली होती?" मंडळींनी सांगितलं, शिमग्याच्या सुमाराला. सात-आठ आठवडे झाले होते. सोनोग्राफीत गर्भाशय पुवानं भरलेलं दिसलं. माज संपला की पुढचे काही आठवडे अंगातल्या संप्रेरकांमुळे पिशवीचं अस्तर जाड होतं, तिथं जंतू शिरले की पू साठतो. त्या जंतूंचं विष मूत्रपिंडाला लघवी घट्ट करू देत नाही. पाणी शरीरातून निघून जातं, म्हणून कुत्री पीत राहते. चिंगीच्या पिशवीचं तोंड बंद होतं, त्यामुळे बाहेर थेंबही आला नव्हता. ताप नव्हता. १०२ फॅरनहाइट, कुत्र्याला नेहमीचंच. कुत्रीचा माज बाईच्या पाळीसारखा वयानं बंद होत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. नसबंदी का केली नाही, याचं उत्तर माझ्याकडे "कशाला बिचारीला" एवढंच होतं. त्याच रात्री पिशवी काढली. आणखी एखाददुसरा दिवस गेला असता तर ती फुटली असती.

आमच्या कामात दार बंद असलं, मीटर दिसलं नाही, की सरासरी बिल लागायचं. "वय झालं" हे माझं सरासरी बिल होतं. मीटर न बघता लावलेलं.

तेव्हापासून वही आहे. पाणी मापानं घालतो, रात्री उरलेलं वजा करतो. गाढ झोपली की बरगड्या बघत मिनिटभर श्वास मोजतो. तीसच्या आत हवेत, तिचे वीस-बावीस भरतात. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. महिन्यातून एकदा वजन, भंगारवाल्याच्या काट्यावर. पहिल्यांदा नेली तेव्हा त्यानं विचारलं, "काका, भाव लोखंडाचा लावू का पत्र्याचा?"

काही गोष्टींना वही उघडायचीच नाही, असं बाईंनी बजावलंय. पोट फुगलंय आणि नुसते कोरडे उमासे येताहेत, लघवीला बसते पण होत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आणि गल्लीतले एकजण सांगतात तशी गुडघ्याची अर्धी गोळी द्यायची नाही. आपली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात जखमा करतात, मूत्रपिंड घालवतात. ते गृहस्थ अजूनही म्हणतात, "आमच्या टॉमीला मी द्यायचो." टॉमी कशानं गेला हे मी विचारलेलं नाही.

गेल्या पंधरवड्यापासून नवीनच निघालंय. चिंगी मागच्या दाराशी उभी राहते, पण बिजागरीच्या बाजूला. दार उघडतं त्या बाजूला नाही. उघडलं तरी तिथंच, भिंतीकडे बघत. पाणी नेहमीचं, खाणं नेहमीचं, वजन तेच. बाईंना व्हिडिओ पाठवला. म्हाताऱ्या कुत्र्यांना विसरायला होतं, ते असू शकेल, पण डोळे, रक्तदाब आणि रक्त बघितल्याशिवाय तसं म्हणायचं नाही, घाई नाही, शनिवारी आणा, असं त्या म्हणाल्या.

आज गुरुवार. वहीत लिहिलंय: पाणी ७५०, श्वास २१, दार उलट्या बाजूला दोनदा. दुसऱ्या वेळी मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो, बिजागरीकडे तोंड करून. थोड्या वेळानं तीच मला सोडून पाणी प्यायला गेली.