ही किती देते, अण्णा?

गॅरेजच्या काउंटरवर, ऑइलच्या डब्यांशेजारी, वीतभर लांबीची हिरवी गाडी ठेवलीय. गिऱ्हाईक विचारतं, "अण्णा, ही कुठली ओ?" जॉर्डन १९१, म्हणजे १९९१ ची फॉर्म्युला वन शर्यतीची गाडी, तिचं हे छोटं मॉडेल. पुढचा प्रश्न ठरलेला: "किती देते?"

एफ-वनवाले (फॉर्म्युला वनचे शौकीन) तिला ओळखतात शूमाखरमुळे, पुढे सात वेळा जगज्जेता झाला तो. १९९१ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमला, स्पावर, तो पहिल्यांदा ग्रां प्रीत उतरला तो हिच्यातच. नेहमीचा ड्रायव्हर गाशो लंडनमध्ये टॅक्सीवाल्यावर गॅस फवारल्याबद्दल तुरुंगात, म्हणून या पोराला जागा मिळाली. सातव्या नंबरवरून सुटला आणि पहिल्याच फेरीत क्लच गेला. दोन आठवड्यांनी पोरगं दुसऱ्या संघात, बेनेटनमध्ये!

क्लचचं दुःख मला सांगू नका. आमच्या सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत, होम मैदानाजवळ, मी स्वतः मिस्त्री असून अर्ध्या क्लचवर गाडी रेटत राहिलो. घरी येऊन खोललं तर स्टीलच्या प्लेटा निळ्या-जांभळ्या पडलेल्या, दुसऱ्या प्लेटांवरचं घासणारं अस्तर नखानं निघत होतं. तो जळका वास दोन दिवस हाताला होता. त्यातली एक प्लेट त्या हिरव्या गाडीखालीच ठेवलीय.

पण माझा जीव आहे तो गाडी बनवणाऱ्यावर. गॅरी अँडरसन मूळचा मेकॅनिक. सोबत दोन तरुण डिझायनर, आणि मालक एडी जॉर्डनचा एफ-वनमधला पहिलाच हंगाम. इंजिन विकतचं, फोर्डचं साडेतीन लिटरचं व्ही-८. मॅक्लारेन संघाकडच्या होंडा व्ही-१२ पेक्षा ताकद कमी, पण आखूड आणि हलकं. मागचा भाग निमुळता ठेवता आला. नाक थोडं वर उचललेलं. त्याखालून हवा पोटाखाली शिरते, मागच्या डिफ्यूजरमधून, म्हणजे बुडाशी वर पसरत जाणाऱ्या वाटेतून, निघते आणि गाडी रस्त्याला चिकटते. उगाच काही लावलेलं नाही, खोलायलाही सोपी असणार असं वाटतं. मिस्त्रीनं काढलेलं डिझाइन लगेच कळतं.

नाव आधी ९११ होतं. पोर्शेनं हरकत घेतली.

नवा संघ म्हणून अर्धा हंगाम शुक्रवारी सकाळी वेगळी परीक्षा: तासाभरात आठ गाड्यांतल्या चारच पुढे. फिनिक्सच्या पहिल्याच शर्यतीत जॉर्डनचा दुसरा ड्रायव्हर डे चेझारिस तिथेच गळाला. जूनमध्ये कॅनडात मात्र तो चौथा, गाशो पाचवा. मेक्सिकोत डे चेझारिस पुन्हा चौथा. हंगेरीत सर्वांत वेगवान फेरी गाशोची. आणि ज्या स्पाबद्दल लोक शूमाखर-शूमाखर करतात, तिथे डे चेझारिस मॅक्लारेनच्या आयर्टन सेनाच्या मागे दुसरा पळत होता! शेवटच्या मोजक्या फेऱ्या राहिल्या आणि इंजिन गेलं. हे कुणी विचारत नाही. वर्षाला तेरा गुण, संघांत पाचवा नंबर.

एवढं करून इंजिनांचं बिल थकलं. उधारीची वही मीही ठेवतो, त्यामुळे दोन्ही बाजू कळतात. पुढच्या वर्षी जॉर्डननं यामाहाचं व्ही-१२ घेतलं, तेही फुकट.

यामाहा म्हटल्यावर आमच्या पोरानं टायरमधून मान वर काढली. "आरएक्स हंड्रेडवाली?"

"तीच बे."

"मग पळाली असंल!"

अख्ख्या १९९२ मध्ये एक गुण. तोही शेवटच्या शर्यतीत.