तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या ऑर्केस्ट्राला कीबोर्ड कोणता घ्यावा?

“आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे. हळदी, लग्नं, गणपती, नवरात्र असे कार्यक्रम करतो. बजेट ५० हजारांच्या आत. कुठला कीबोर्ड घेऊ?” हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं. विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं आणि नावं मी सांगणारच आहे. पण त्याआधी माझा उलट प्रश्न असतो: ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवणारं कोणी आहे का?

नसेल, तर बेस कीबोर्ड प्लेअरच्या डाव्या हातावर येतो आणि तिथेच निवड अर्धी ठरते. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं. खालची दोन स्प्लिट करून, म्हणजे वेगळ्या टोनसाठी तोडून, बेसला दिली की उजव्या हाताला तीन उरतात. पियानो, स्ट्रिंग्ज आणि गाण्यातले पीस (ओळींमधले वाद्यांचे तुकडे) तेवढ्यात बसतात. ४९ पट्ट्यांमध्ये हे जमत नाही, पीस वाजवताना हात बेसच्या हद्दीत शिरतो. म्हणून बेस गिटार नसलेल्या ग्रुपने ४९ चा विचारच करू नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. बेस गिटारवाला असेल तर गणित उलटं होतं. तेव्हा डाव्या हाताने खालच्या सप्तकात जाडजूड कॉर्ड धरले की बेस, ढोलकीची धुम आणि पियानोचा खर्ज एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येते. अशा ग्रुपमध्ये पियानोचा १५० हर्ट्झखालचा भाग मिक्सरवर कापून टाकायला साउंडवाल्याला सांगा. एकट्याने ऐकताना पियानो पातळ वाटेल, पण ग्रुपमध्ये स्वच्छ ऐकू येईल.

दुसरं काम दुकानात जाण्याआधी घरी करायचं. तुमच्या कार्यक्रमातली गाणी कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे लागणारे टोन मांडा: इथे शहनाई, इथे बासरी, अंतऱ्याआधी व्हायोलिन, मुखड्याला ब्रास. पंचवीस गाणी आणि गाण्यामागे दोन-तीन टोन धरले तरी एका कार्यक्रमात पन्नास-पाऊणशे वेळा टोन बदलायचा आहे. ब्रोशरमध्ये ६०० टोन आहेत की ८०० याला फार अर्थ नाही. तुमचे चाळीस टोन तुमच्या क्रमाने लावून एका बोटाने बदलता येतात का, हे पाहायचं. अरेंजर कीबोर्डवर (ज्यात तालाची साथ आतच असते) याला रजिस्ट्रेशन म्हणतात, सिंथवर (ज्यात भर टोनवर असतो) फेव्हरिट किंवा परफॉर्मन्स.

ही यादी खिशात घालून दुकानात जा आणि दोन गोष्टी स्वतःच्या हाताने करून बघा. पहिली: स्ट्रिंग्जचा कॉर्ड पेडलने (स्वर लांबवणारं सस्टेन पेडल) धरून ठेवा आणि बासरीचा टोन लावा. स्ट्रिंग्ज हळूहळू विरल्या तर उत्तम. खटकन तुटल्या तर प्रत्येक पीसआधी तुम्हाला हात उचलून टोन बदलावा लागेल. या किमतीच्या बऱ्याच कीबोर्डांवर आवाज तुटतोच. त्यावर उपाय म्हणजे एका गाण्याचे दोन्ही टोन स्प्लिट करून एकाच रजिस्ट्रेशनमध्ये ठेवणं. दुसरी गोष्ट: पिच बेंडचं चाक किंवा दांडी. ती नसेल तर शहनाई आणि बासरी निर्जीव वाजतात, कारण मींड घेताच येत नाही. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ आणि कॅसिओच्या सीटी-एक्स७०० यांवर हे चाक नाही. शिकायला दोन्ही चांगले आहेत, पण फक्त किंमत बघून ते स्टेजसाठी घेऊ नका. चाक असेल तर बेंड दोन सेमीटोनांवर ठेवा आणि शहनाईच्या टोनला मोनो (एका वेळी एकच स्वर) व पोर्टामेंटो (स्वरांमधली घसरण) लावून बघा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज मिळाला की समजायचं, हा कीबोर्ड आपल्या गाण्यांना चालेल.

आता नावं. दोन-तीन जणांचा भजनी किंवा सुगम संगीताचा ग्रुप असेल, ढोलकी-तबल्याला माणूस नसेल आणि ताल कीबोर्डनेच द्यायचा असेल, तर यामाहा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओ सीटी-एक्स९०००आयएन. दोन्ही भारतासाठी काढलेले अरेंजर आहेत, आपले ताल आणि वाद्यं आत आहेत, स्पीकरही आहेत, त्यामुळे तालमीला वेगळी सोय लागत नाही. मात्र ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक तालाचं पॅड वाजवणारा) असेल तर कीबोर्डची स्टाईल, म्हणजे आपोआप वाजणारी तालाची साथ, बंद ठेवा. दोन ताल एकावर एक आले की लय पळते आणि दोष ऑक्टोपॅडवाल्याला जातो.

पूर्ण ताफा असेल आणि सिनेगीतं, लावणी, कोळीगीतं अशी मिसळ असेल तर रोलँड एक्सपीएस-१०. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये तो रुळला आहे, कारण भारतीय टोन आतच आहेत, पेनड्राइव्हवरून बाहेरचे सॅम्पल (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) भरता येतात आणि स्केल ट्यूनने एखादा स्वर थोडा उतरवता-चढवता येतो. दुरुस्तीवाल्यांनाही तो माहीत आहे, आणि लहान गावात हा मुद्दा टोनइतकाच महत्त्वाचा. नवा घेण्याआधी तो बजेटमध्ये बसतो का ते बघा.

इंग्रजी-हिंदी पॉप वाजवणारा बँड असेल, किंवा गोव्यातल्या लग्नांसारखं काम असेल, जिथे बेस, ड्रम, गिटार आधीच आहेत आणि कीबोर्डकडून पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, ब्रास हवं असतं, तिथे माझं मत यामाहा एमएक्स६१ ला. मोटिफ एक्सएस या महागड्या वर्कस्टेशनमधून घेतलेले हजारावर टोन, १२८ पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे आवाज) आणि वजन पाच किलोच्या आत. नवा नाही मिळाला किंवा नाही परवडला तर जुना चालेल. पण त्यात बाहेरचे सॅम्पल भरता येत नाहीत, तेव्हा संबळ-तुणतुण्याची अपेक्षा ठेवून तो घेऊ नका.

पॉलिफनीबद्दल थोडं, कारण दुकानदार आकडा सांगतात, अर्थ सांगत नाहीत. पियानोवर स्ट्रिंग्ज चढवल्या आणि प्रत्येक टोन दोन आवाजांचा बनलेला असेल तर एक पट्टी दाबताच चार आवाज खर्च होतात. ६४ पॉलिफनीत अशा सोळाच पट्ट्या मावतात. दोन्ही हात मिळून सात स्वर वाजवता आहात आणि पेडल दाबलेलं आहे. दुसऱ्या कॉर्डला चौदा झाले, तिसऱ्याला पहिल्या कॉर्डचे स्वर गळायला लागतात. त्यात स्टाईल चालू असेल तर आणखी लवकर. स्टेजवर “मधेच स्ट्रिंग्ज जातात” ही तक्रार असते ती याचीच. पेडल वेळेवर सोडा किंवा एक थर कमी करा.

गाण्याच्या पट्टीचा, म्हणजे स्केलचा, प्रश्न प्रत्येक ग्रुपला येतो. गायक काळी एकमध्ये, गायिका काळी चारमध्ये, आणि प्लेअरचा हात पांढरी एकवर बसलेला. ट्रान्सपोजने काळी चारला जायचं तर +८ किंवा −४. नेहमी −४ घ्या, +८ ने पियानो चिरका होतो. हेही बघा की रजिस्ट्रेशन बदललं की ट्रान्सपोज तसाच राहतो का. काही कीबोर्डांत तो टोनबरोबर साठवला जातो. मग मुखडा काळी चारमध्ये आणि पीस भलत्याच पट्टीत, असा प्रकार भर कार्यक्रमात होतो.

संवादिनी साथीला असेल तर आणखी एक काम. जुनी पेटी बरोबर ४४० हर्ट्झवर (पांढरी सहाचं प्रमाण माप) क्वचितच असते. पेटीवर एकच स्वरपट्टा (सुरांचा एकच संच) उघडा ठेवून मधल्या सप्तकातली पांढरी सहा धरा, कीबोर्डवर तोच स्वर ऑर्गनच्या साध्या टोनमध्ये, व्हायब्रेटो आणि कोरस बंद करून वाजवा. दोन्ही मिळून आवाज हेलकावे खाईल. सेकंदाला दोन हेलकावे म्हणजे दोन हर्ट्झचा फरक. कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग ४४१ करा. हेलकावे मंदावले तर दिशा बरोबर, ४४२ वर ते थांबतील. वाढले तर उलट्या दिशेने जा. इथे एक हर्ट्झ म्हणजे साधारण चार सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). पाच मिनिटांचं काम आहे, पण ते केलं नाही तर सबंध कार्यक्रमभर गायकाला कुठल्या वाद्याला धरून गावं ते कळत नाही.

सगळं बजेट कीबोर्डवर घालू नका. ५० हजारांतले आठ-दहा हजार स्टँड, पेडल, जाड अस्तराची बॅग, केबली आणि डीआय बॉक्स (कीबोर्डचा सिग्नल माइकच्या लांब केबलला जोडणारी डबी) यांना ठेवा. स्टँड दुहेरी पायांचा घ्या, एकेरी क्रॉसचा जोरात वाजवताना डुलतो. पेडल घेताना एक लक्षात असू द्या: सगळ्या कंपन्यांच्या पेडलचा स्विच एकाच पद्धतीचा नसतो. स्वर आपोआप लांबत असेल आणि पेडल दाबल्यावर तुटत असेल तर पेडल उलटं लागलंय. अनेक कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचतात, म्हणून कीबोर्ड चालू करताना पेडलवर पाय ठेवू नका. उलटं झालंच तर पाय काढा आणि बंद करून पुन्हा चालू करा.

स्वस्त अरेंजरमध्ये कधीकधी वेगळं आउटपुट नसतं, हेडफोनच्या जॅकमधूनच लाइन काढावी लागते. त्यात साधी गिटारची मोनो केबल घातली की उजवा चॅनल अर्थला शॉर्ट होतो आणि स्टीरिओ टोन अर्धाच ऐकू येतो. तिथे एका बाजूला स्टीरिओ आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो पिना असलेली वाय केबल लागते. वेगळं आउटपुट असेल आणि मिक्सरवर एकच चॅनल मिळत असेल तर ‘एल/मोनो’ लिहिलेल्या जॅकमध्येच केबल घाला.

कीबोर्डपासून मिक्सर वीस-तीस मीटरवर असतो आणि साधी केबल पाच-सहा मीटरच्या पुढे खरखर उचलायला लागते. म्हणून तीन मीटरची केबल डीआय बॉक्सपर्यंत, तिथून पुढे तीन पिनांची माइकची केबल. कीबोर्डचा सिग्नल दमदार असतो, साधा पॅसिव्ह डीआय पुरतो, त्याला फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज) लागत नाही. गुणगुण आली तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याचा प्रकार कोणी सुचवला तरी करू नका. ओल्या मांडवात, लोखंडी स्टेजवर त्याने जीव जातो.

अडॅप्टर मूळचाच वापरा आणि जादा एक ठेवा. यामाहाच्या बहुतेक लहान कीबोर्डांना १२ व्होल्टचा लागतो आणि पिनेच्या आत धन असतं. रोलँडच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरांत आत ऋण असतं. पिना दिसायला सारख्या, म्हणून घाईत एकाचा दुसऱ्याला लावला जातो. दोन्हींवर रंगीत चिकटपट्टी लावा. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर घरगुती कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस मध्ये लावा. कीबोर्डला वीज फार लागत नाही, तो आरामात तग धरतो.

आणि ऑटो पॉवर ऑफ आठवणीने बंद करा. बऱ्याच कीबोर्डांत काही न वाजवता ठरावीक वेळ गेला, अनेकदा ३० मिनिटं, की तो स्वतःहून बंद होतो. सत्कार आणि पाहुण्यांची भाषणं तेवढी सहज चालतात. पुन्हा चालू केल्यावर लावून ठेवलेला टोन, पट्टी, सेव्ह न केलेले बदल, सगळं मूळपदावर गेलेलं असतं.

जुना घेत असाल तर पियानोच्या टोनमध्ये सगळ्या ६१ पट्ट्या एकेक करून आधी अगदी हलक्या, मग जोरात वाजवा. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या पट्टीवर कार्बनचे दोन ठिपके असतात. पट्टी खाली जाताना दोन्ही थोड्या अंतराने टेकतात आणि त्या अंतरावरून कीबोर्ड तुमचा जोर ओळखतो. धूळ किंवा दमटपणाने एखादा ठिपका नीट टेकेनासा झाला की हलकं वाजवूनही तो स्वर ओरडतो, नाहीतर वाजतच नाही. कोकणात आणि गोव्यात ही तक्रार जास्त. दोन-चार पट्ट्यांचा दोष असेल तर घाबरू नका. उघडून रबर आणि सर्किटवरची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून बसवली की बहुतेकदा काम होतं. तेलाचा स्प्रे मात्र मारू देऊ नका. पिच बेंड सोडल्यावर स्वर मूळ जागी येतो का, हे मोबाइलवरच्या ट्यूनरने बघा. जॅकमध्ये केबल लावून हलवा, खरखर ऐका.

‘लोडेड’ म्हणून विकला जाणारा कीबोर्ड असेल तर भरलेल्या टोनची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि ती पुन्हा लोड होते हे विक्रेत्यासमोरच करून बघा. फॅक्टरी रीसेट झाला की भरलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि दुरुस्तीला गेलेला कीबोर्ड बऱ्याचदा रीसेट होऊनच परत येतो. पेनड्राइव्ह दोन करा, एक बॅगेत आणि एक घरी.